खोटं बोलणारी डबी

मामांच्या पिकअपला ती डबी मी लावली. मी, म्हणजे ज्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे आणि जो दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून पगार घेतो. डबी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी, दोन सॉकेटची. दिवाळीला चिचगडला जाताना बॅगेत घेऊन गेलो होतो. बॉनेट उघडलं, डिझेलच्या रेल प्रेशर सेन्सरचं सॉकेट काढलं, मधे डबी अडकवली, केबल टायने आवळली. दहा-पंधरा मिनिटांचं काम. मामा गाडी घेऊन देवरी रोडने एक चक्कर मारून आले आणि उतरता उतरता म्हणाले, "बाबू, हे तं उडून रायली ना बे!"

त्या वेळी मला जे वाटलं, ते एखादा अवघड बग सुटल्यावर वाटतं तसं होतं. फरक एवढाच की बग सुटला नव्हता, मी तो पेरला होता.

दीड वर्षाने, धानाचे कट्टे भरून गोंदियाच्या राइस मिलकडे जाताना गाडीने काळ्याचा पांढरा धूर केला आणि बंद पडली. मिस्त्रीने इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची कड वितळलेली होती, मेणबत्तीची कड वितळते तशी. गाडी परत उभी राहीपर्यंत एक लाख चाळीस हजार गेले, आणि तो हंगाम भाड्याच्या गाडीवर काढावा लागला. बँकेचा हप्ता थांबला नाही. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त एकदा विचारलं, "कंप्युटरले खोटं सांगाचं आन् इंजिनानं खरं काम कराचं, असं कसं होईन बाप्पा?"

हा लेख त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. आणि तो त्या डबीच्या विरोधात आहे, तिच्यावर 'जुगाड' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांच्या विरोधात आहे, आणि ती डबी ज्यांच्यामुळे जन्माला येते त्यांच्याही विरोधात आहे.

आधी ती करते काय ते पाहू, कारण रील्सवर 'पॉवर बढाओ' एवढंच सांगतात. हिला पिगीबॅक म्हणतात, म्हणजे पाठकुळी बसणारी. गाडीत एक मूळ कंप्युटर असतो, ईसीयू. तो सेन्सरकडून व्होल्टेज घेतो, आत साठवलेले तक्ते बघतो आणि इंजेक्टरला सांगतो की इतके मिलिसेकंद उघड. पिगीबॅक या ईसीयूला हात लावत नाही. ती सेन्सर आणि ईसीयूच्या मधल्या वायरवर बसते, खरा आकडा स्वतः वाचते आणि पुढे वेगळा आकडा पाठवते. ईसीयू प्रामाणिकपणे काम करतो, फक्त चुकीच्या माहितीवर.

हे तंत्र मुळात फालतू नाही, हेही सांगितलं पाहिजे. ते जन्मलं खऱ्या अडचणीतून. समजा साध्या पेट्रोल इंजिनावर कुणी सुपरचार्जर बसवला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. काही जुन्या मर्सिडीजच्या डिकीवर 'कॉम्प्रेसर' लिहिलेलं असे, तो हाच. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, हा पट्ट्यावर, पण दोघांचं काम एक: सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणं. जास्त हवा आली की पेट्रोलही जास्त लागतं. साध्या चालीत १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने. आणि दाबाखाली तर त्याहून घट्ट, साधारण साडेअकरा ते बारा भागाला १, कारण ते जास्तीचं पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं.

आता अडचण अशी की साध्या इंजिनाचा दाब मोजणारा सेन्सर साधारण १ बारपर्यंतच, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच मोजतो. त्याच्यापुढे काही असतं हे त्या बिचाऱ्याला माहीतच नाही. सुपरचार्जरने दीड बार भरला की सेन्सर टोकाला जाऊन चिकटतो, ईसीयू म्हणतो सेन्सर बिघडला, दिवा लावतो आणि गाडी रांगायला लागते. मग पिगीबॅक काय करते? सेन्सरचा आकडा ईसीयूच्या सहनशक्तीच्या जरा खाली अडवून धरते, आणि वरच्या हवेला लागणारं पेट्रोल स्वतः देते: इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून, किंवा जादा इंजेक्टर लावून. दुसरा मार्ग म्हणजे ३० टक्के मोठे इंजेक्टर बसवायचे आणि साध्या चालीत ईसीयूला हवा २३ टक्के कमी आहे असं सांगायचं, म्हणजे एकास एक जुळतं. जपानच्या ॲपेक्सी आणि ग्रेडी, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली युनिचिप, या सगळ्यांनी अशाच पेट्या वर्षानुवर्षं विकल्या. ज्या काळी ईसीयू उघडता येत नव्हते त्या काळी हौशी माणसाला दुसरा रस्ताच नव्हता.

पण इथेच गोम आहे, आणि मला ती पिस्टन वितळल्यावर कळली. हवेचा तो आकडा ईसीयू फक्त पेट्रोलसाठी वापरत नाही. ठिणगी कधी पाडायची हेही तो त्याच आकड्यावरून ठरवतो. हवा कमी, म्हणजे इंजिनावर भार कमी, म्हणजे ठिणगी जरा आधी पाडली तरी चालेल. तुम्ही पेट्रोल जुळवण्यासाठी 'हवा कमी आहे' असं खोटं सांगितलंत, आणि ईसीयूने ते ऐकून ठिणगी पुढे ओढली, तीही नेमकी दाब सर्वांत जास्त असताना. मग मिश्रण वेळेआधी फुटतं, टकटक येते, पिस्टन जातो. म्हणून नीट बनवलेली पिगीबॅक क्रँकच्या सेन्सरचा सिग्नलही उशिराने पाठवते, म्हणजे ठिणगी मागे येते. एक खोटं झाकायला दुसरं. आणि सावकाश चालताना धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला खरं सांगतच असतो. ईसीयू हळूहळू दुरुस्ती शिकतो आणि तुमचं खोटं पुसत नेतो. मग ऑक्सिजन सेन्सरलाही गप्प करा. तिसरं.

ज्यांनी मोठ्या सिस्टीमवर काम केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. एका फंक्शनची परत येणारी व्हॅल्यू तुम्ही मधेच बदलता, तुमच्या स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं, आणि तीच व्हॅल्यू आणखी सात ठिकाणी वाचली जाते हे तुम्हाला माहीत नसतं. आमच्याकडे असा कोड रिव्ह्यूला आला तर मी परत पाठवतो. मामांच्या गाडीत मात्र मी तो हसत हसत बसवला.

डिझेलचं प्रकरण वेगळं आणि आपल्या भागात तेच जास्त. कॉमन रेल डिझेलमध्ये एका नळीत डिझेल हजार-दीड हजार बार दाबाने भरून ठेवलेलं असतं, टर्बो मुळातच असतो. विकत मिळणारी स्वस्त डबी फक्त त्या नळीच्या दाबाचा आकडा कमी करून सांगते. खरा दाब १,४०० बार, डबी सांगते १,२५०. ईसीयूला वाटतं दाब पडला, तो पंपाला जोर लावायला सांगतो, खरा दाब १,५७०च्या आसपास जातो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो पण डिझेल जास्त येतं. किती जास्त? प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे १२ टक्के दाबाला जेमतेम ६ टक्के डिझेल. 'तीस टक्के पॉवर' या जाहिरातीचा हिशोब दहावीच्या विज्ञानात बसत नाही. तो आकडा गाठायचा तर दाब इतका चढवावा लागेल की पंप आणि इंजेक्टर दोघंही रडतील.

आणि डिझेलला ठिणगी नाही म्हणून सुटलो असंही नाही. धूर किती होऊ द्यायचा, टर्बोतून जाणारा वायू किती तापू द्यायचा, टॉर्क किती द्यायचा, हे सगळं ईसीयू 'मी किती डिझेल दिलं' या हिशोबावर ठरवतो. तो हिशोबच चुकीचा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती कधी जाळून साफ करायची याचा अंदाजही त्याच हिशोबाला धरून. रिकामी गाडी, डांबरी रस्ता, दोन मिनिटांची चक्कर: काही कळत नाही, उलट उडते. तीच गाडी एप्रिलच्या उन्हात, क्षमतेपेक्षा जास्त कट्टे भरून, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये वीस मिनिटं ओढा. जाहिरातीतल्या गाडीवर कट्टे नसतात.

मी इथे प्रामाणिक राहायला हवं. पिस्टन डबीमुळेच वितळला हे मी सिद्ध करू शकत नाही. एखादा इंजेक्टर गळका असेल, मामा माल जास्त भरत होते हे तर खरंच. सिद्ध करता येत नाही याचं कारण मात्र ऐका: डबीकडे लॉग नाही. तिने कधी काय वाचलं आणि काय सांगितलं याची कुठेच नोंद नाही. ईसीयूमध्ये नोंद आहे, पण ती खोट्या आकड्यांची, तिथे सगळं ठीकठाक दिसतं. नंतर मी डबी फोडून पाहिली. आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर, आणि त्याच्यावरचा नंबर घासून काढलेला. ज्याने ती बनवली त्याला ती कुणी वाचावी असं वाटत नव्हतं.

विक्रेते जो तिचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगतात, तोच मला तिचा सर्वांत मोठा दोष वाटतो: 'सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवा, कुणाला कळणार नाही.' कुणाला कळणार नाही म्हणजे पुढच्या मिस्त्रीलाही कळणार नाही. गाडी सेकंडहँड घेणाऱ्यालाही नाही. चिचगडहून छत्तीसगडची हद्द जवळ, गाड्या इकडून तिकडे विकल्या जातात. कुणीतरी राजनांदगावचा माणूस कर्ज काढून घेईल अशी गाडी, जिच्या पोटात काय झालंय हे जगात कुणालाच ठाऊक नाही.

आता 'जुगाड' या शब्दाबद्दल. शहरातल्या मंडळींना हा शब्द फार आवडतो. कॉन्फरन्समध्ये स्लाइड असते त्याची. माझ्या गावाकडे पाण्याच्या इंजिनावर गाडा चालवणारे, जुन्या सायकलीतून बांधीत पेरायचं यंत्र करणारे लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांचं यंत्र उघडं असतं. कुठली साखळी कुठे जाते हे पोरगंही बघून सांगतं. मोडलं तर कुठे मोडलं ते दिसतं. सीलबंद डबी, नंबर घासलेली चिप, आत काय आहे हे न सांगणारा विक्रेता, याला जुगाड म्हणणं हा त्या लोकांचा अपमान आहे. ही जडीबुटी आहे. आठवडी बाजारात तंबू टाकून बसणारा वैदू निदान समोर तरी बसतो.

मग कायदा काय म्हणतो? कायदा स्पष्ट आहे आणि तरीही निकामी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालकाला, म्हणजे मामांना. डबी दोन दिवसांत घरपोच देणारा 'फक्त रेसिंगसाठी' असं बारीक अक्षरात लिहून मोकळा. चिचगडला रेस ट्रॅक कुठे आहे हे त्याला विचारायला हवं.

आणि गंमत अशी की पिगीबॅक आपल्या देशात कायदेशीरही आहे. लाखो गाड्यांत आहे. पेट्रोल गाडीला बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट म्हणजे दुसरं काय? पेट्रोलचा ईसीयू इंजेक्टरला जो सिग्नल पाठवतो तो गॅसचा कंप्युटर मधेच पकडतो, किती मिलिसेकंदांचा आहे ते मोजतो, गॅसच्या हिशोबाने त्याला गुणतो आणि गॅसचे इंजेक्टर उघडतो. आणि मूळ ईसीयूला कळू नये म्हणून पेट्रोलचे इंजेक्टर अजून जागेवर काम करतायत असं भासवतो. खोटंच आहे हे. पण या खोट्याला कागद आहे: किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी आणि मंजुरी लागते, आरसी बुकात नोंद होते, टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी होते. पुढच्या मिस्त्रीला, पुढच्या मालकाला आणि विमावाल्याला माहीत असतं की इथे मधे कुणीतरी बसलंय. म्हणजे व्यवस्था करता येते. करायची इच्छा असली की.

इथवर वाचून एखादा म्हणेल, बरं, मग कंपनीने दिलं तसंच चालवा ना, कशाला खाज? हे मला मान्य नाही.

कारण बंद पेटीतला कंप्युटर खरं बोलतो हे कुणी सांगितलं? सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला पकडलं. त्यांच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर गाडी चाचणीच्या रोलरवर आहे की रस्त्यावर हे ओळखायचं, चाचणीत शहाण्यासारखं वागायचं आणि रस्त्यावर धूर सोडायचं. जगभरात १ कोटीहून जास्त गाड्या. आपल्याकडे एआरएआयने तपासणी केल्यावर डिसेंबर २०१५मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावाव्या लागल्या. मार्च २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढे सक्तीच्या कारवाईला तूर्त मनाई केली. तर मुद्दा असा: मामांची डबी सेन्सरच्या वायरवर बसून ईसीयूला फसवत होती. तिकडे ईसीयूच सगळ्या जगाला फसवत होता, आणि तो पकडला गेला कारण कुणीतरी गाडी खऱ्या रस्त्यावर नेऊन मोजली. दोन्हीकडे आजार एकच. आत काय चाललंय ते मालकाला वाचता येत नाही.

वाचायचं साधन मागितलं तर मिळतं का? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला. कारण काय, तर सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना न देता स्वतःच्याच सर्व्हिस सेंटरपुरती ठेवणं. प्रकरण अपिलांत गेलं आणि जायचं तसं गेलं. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, गाड्या आणि शेतीची अवजारं त्यात येतात. छान. आमच्या मिस्त्रीकडे आजही एक स्वस्त स्कॅनर आहे जो धुराशी संबंधित ठरावीक कोड वाचतो. त्याच्या आतलं काही बघायचं तर गाडी टो करून अधिकृत सेंटरला न्यायची. त्याला इंजिन कळतं. आवाजावरून त्याने सांगितलं होतं, "तिसरा गेला." ते खोलून पाहिल्यावर खरं निघालं. अशा माणसाला आपण कंप्युटरच्या दारात उभं ठेवलंय, आणि मग तो किंवा माझ्यासारखा अर्धवट शहाणा खिडकीतून वायर टाकतो.

आक्षेप येईल: ईसीयू उघडे केले तर प्रत्येक जण धूर वाढवेल. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला टाळून चालणार नाही. पण धूर वाढवणारे आज अडलेत का? आज ते डबीने वाढवतात, ज्याचा माग राहत नाही. मी मागतोय ते एवढंच: वाचणं सगळ्यांना फुकट, मालकालाही आणि त्याच्या मिस्त्रीलाही. लिहिणं, म्हणजे तक्ते बदलणं, परवाना असलेल्या गॅरेजला, आणि प्रत्येक बदलावर कुणी, कधी, काय बदललं याची न पुसता येणारी नोंद, जी आरसीला जोडलेली असेल. आम्ही तीन ओळींच्या कोडसाठी एवढं करतो. दोन टन माल घेऊन शाळेच्या समोरून जाणाऱ्या यंत्रासाठी करायला हरकत नसावी. आणि नंबर घासलेल्या डब्या विकणाऱ्यावर कारवाई, विकत घेणाऱ्याच्या आधी.

सुपरचार्जर लावणाऱ्या हौशी मंडळींना माझं वैर नाही. ज्याने इंजेक्टर बदललेत, पंप बदललाय, धुराच्या नळीत रुंद पट्ट्याचा ऑक्सिजन सेन्सर लावलाय, डायनोवर तासभर गाडी चालवून एकेक घर भरलंय आणि तो आलेख माझ्यासमोर ठेवू शकतो, त्याची पिगीबॅक मला चालेल. पण अशा माणसाला आज विचारा. तो सांगेल की संधी मिळाली तर मी मूळ ईसीयूच लिहीन, हे मधलं लचांड नको.

मागच्या महिन्यात मामांचा फोन आला. मला वाटलं गाडीचं काही. तर म्हणाले, यंदा कट्टे कमी भरून दोन खेपा करतो, गाडी कंपनीची होती तशीच राहू दे. मग जरा थांबून: "आन् तुयाकडं ते मोठं स्कॅनर नाई का बे, कंपनीवाल्यायचं? मिस्त्री विचारून रायला होता."

नाही, म्हटलं. मी बघितलंय. ते विकत मिळत नाही.